वातानुकूलक चालतो, पण खोली निवत नाही

वैशाख सरत आला की जयपूर शहरातील पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि कधी कधी दिवसच्या दिवस ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. पश्चिमेकडून ‘लू’ नावाचा कोरडा, पोळणारा वारा वाहू लागतो. अधूनमधून आंधी उठते आणि तिच्याबरोबर आलेली बारीक धूळ दारे-खिडक्यांच्या फटींतून घराघरांत शिरते. दिवसभर तापलेली सपाट छपरे रात्री उशिरापर्यंत आपली उष्णता खालच्या खोल्यांत सोडत राहतात. अशा दिवसांत वातानुकूलक यंत्र, ज्याला आपण सुटसुटीतपणे ‘एसी’ म्हणतो, ते निव्वळ चैनीचे साधन उरत नाही. ज्या घरी तान्हे मूल आहे, वृद्ध माणूस आहे किंवा हृदयविकाराचा रुग्ण आहे, त्या घराला या यंत्राचा मोठा आधार असतो.

आणि नेमक्या अशाच एखाद्या दुपारी ध्यानात येते की यंत्राची घरघर चालू आहे, त्यातून वाराही येतो आहे, विजेचे मीटर फिरते आहे. परंतु खोली काही निवत नाही.

अशा वेळी बहुतेकांच्या तोंडी एकच निदान येते: ‘गॅस संपला असेल.’ कारागीर बोलावला जातो, गॅस भरला जातो, पैसे दिले जातात. कधी यंत्र सुधारते, कधी थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते. वस्तुतः वायू कमी होणे हे या दोषाचे अनेक कारणांपैकी एक कारण आहे, आणि शोधाच्या क्रमात त्याचे स्थान पहिले नसून शेवटचे आहे. असे का, हे समजण्यासाठी यंत्राचे कार्य थोडक्यात जाणून घेतले पाहिजे.

थंडी निर्माण होत नाही. उष्णता वाहून नेली जाते

माठातील पाणी गार का होते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. द्रवाचे बाष्प होताना जी उष्णता अशी गुप्तपणे शोषली जाते, तिला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने ही कल्पना स्पष्टपणे मांडली. १८३४ साली जेकब पर्किन्स याने इंग्लंडमध्ये एका शीतयंत्राचे पेटंट घेतले. बाष्प झालेले द्रव वाया न घालविता, ते पुन्हा दाबून, द्रवरूप करून त्याच कामी लावावयाचे, ही त्यातील युक्ती होती. आजचा वातानुकूलक त्याच तत्त्वावर चालतो.

या यंत्रात चार मुख्य अंगे असतात. पहिले, खोलीतील नळ्यांचे वेटोळे. त्यात शीतक वायू कमी दाबाखाली द्रवरूपात येतो, सुमारे ५ ते १० अंशांवर उकळतो आणि खोलीतील उष्णता शोषून घेतो. दुसरे, संपीडक, म्हणजे कारागिरांच्या भाषेत कंप्रेसर. तो ते बाष्प जोराने दाबतो, आणि दाबल्यामुळे ते तापते. तिसरे, घराबाहेरील वेटोळे. तेथे हे तप्त बाष्प आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन पुन्हा द्रव होते. चौथे अंग म्हणजे एक अरुंद वाट. बहुतेक घरगुती यंत्रांत ती केसासारख्या बारीक नळीची असते. तिच्यातून जाताना द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

उष्णता आपण होऊन नेहमी अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. बाहेरची हवा ४५ अंश असेल, तर तिला उष्णता देण्यासाठी बाहेरील वेटोळ्यातील वायू ५५ ते ६० अंशांपर्यंत तापलेला असावा लागतो. कंप्रेसरचे सारे श्रम यासाठीच असतात. विहिरीतून पाणी शेंदून वर आणावे, तशी तो २५ अंशांच्या खोलीतील उष्णता शेंदून ४५ अंशांच्या अंगणात ओततो.

ही शेंदणी किती असते? यंत्राची शक्ती ‘टन’ या मापाने सांगतात. हे माप बर्फाच्या व्यापारातून आले आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढ्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे एक टन. तो सुमारे ३.५ किलोवॅट भरतो. यावरून दीड टनाचे यंत्र पूर्ण शक्तीने चालत असेल, तर ते तासाला सुमारे ५७ किलो बर्फ वितळविण्याइतकी उष्णता खोलीतून बाहेर नेते.

तेव्हा यंत्र चालूनही खोली थंड होत नसेल, तर प्रश्न असा विचारावा: खोलीपासून अंगणापर्यंतच्या या वाटेवर उष्णता कोठे अडली आहे?

‘चालते’ म्हणजे नेमके काय चालते?

दोन भागांच्या यंत्रात तीन फिरणारी अंगे असतात: आतला पंखा, बाहेरचा पंखा आणि कंप्रेसर. आपण खोलीत बसून ‘यंत्र चालू आहे’ म्हणतो, तेव्हा आपल्याला केवळ आतला पंखा चालू असल्याचे दिसत असते. बाकीची दोन अंगे बंद असू शकतात.

म्हणून आरंभ रिमोटपासून करावा. यंत्र ‘कूल’ या स्थितीत आहे की चुकून ‘फॅन’ वा ‘ड्राय’ या स्थितीत गेले आहे? ठरविलेले तापमान खोलीच्या तापमानाहून कमी आहे ना? ही पाहणी क्षुल्लक वाटेल. परंतु तिला पैसा लागत नाही आणि वेळ अर्ध्या मिनिटाचा लागतो. यानंतर यंत्र पुरते बंद करून तीन-चार मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. कंप्रेसर बंद झाल्यावर लगेच सुरू होऊ नये अशी योजना यंत्रातच केलेली असते, म्हणून थोडा धीर धरावा.

मग बाहेरच्या भागाकडे जावे, मात्र तेथे जमिनीवर वा गच्चीवर सुरक्षितपणे उभे राहता येत असेल तरच. सज्जावर किंवा कठड्यावर चढून हे काम कोणीही करू नये. बाहेर निघणाऱ्या हवेसमोर थोडे अंतर राखून तळवा धरावा. यातून चार प्रकारची उत्तरे मिळतात.

बाहेरची हवा चांगली तापलेली असून आतून गार हवा येत असेल, तर यंत्र निर्दोष आहे. दोष खोलीत शोधावा.

बाहेरचा पंखा आणि कंप्रेसर दोन्ही निश्चल असतील, तर दोष विजेचा, तापमान ओळखणाऱ्या घटकाचा किंवा नियंत्रक पट्टीचा असू शकतो. संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्यात यंत्रे चालू झाली की विजेचा दाब उतरतो. तेवढ्या दाबावर आतला पंखा फिरतो, पण कंप्रेसरला उठता येत नाही. स्टॅबिलायझरवरील आकडा २३० व्होल्टच्या फार खाली गेला आहे का, हे पाहावे.

कंप्रेसरची घरघर ऐकू येते, परंतु बाहेरचा पंखा थांबलेला आहे, असे दिसले तर यंत्र तत्काळ बंद करावे. उष्णता वाहून नेणारा वारा नसल्यामुळे कंप्रेसर अतिशय तापतो, संरक्षक योजनेने थांबतो, निवल्यावर पुन्हा सुरू होतो, आणि खोलीत थोडा वेळ गार, थोडा वेळ कोमट असा वारा येत राहतो. पुष्कळदा यामागे कपॅसिटर नावाचा लहानसा घटक निकामी झालेला असतो. तो बदलणे हे स्वस्त काम आहे. दुर्लक्ष केल्यास मात्र कंप्रेसरच जळण्याचा धोका असतो.

बाहेरचा पंखा फिरतो, परंतु त्याची हवा भोवतालच्या हवेइतकीच आहे, असे आढळले तर एकतर कंप्रेसर चालत नाही किंवा नळ्यांतील वायू गळून गेला आहे. येथे मात्र जाणत्या कारागिराची आवश्यकता आहे.

धुळीचा पडदा

जयपूरसारख्या शहरात सर्वाधिक वेळा आढळणारा अपराधी म्हणजे धूळ. खोलीतील हवा वेटोळ्याकडे जाताना एका बारीक जाळीतून गाळली जाते. आंधीनंतर ही जाळी धुळीने लिंपली जाते आणि वारा मंदावतो. वेटोळे गार असते, पण त्यावरून जाण्यास पुरेशी हवाच नसते. मग वेटोळ्याचे तापमान शून्याखाली उतरते, त्यावर हवेतील ओलाव्याचा बर्फ जमतो, आणि त्या बर्फामुळे उरलासुरला वारादेखील अडतो. अतिगार वेटोळे आणि गरम खोली असा विचित्र देखावा यातून निर्माण होतो.

बर्फ दिसल्यास तो खरवडू नये. यंत्र ‘फॅन’ स्थितीत दोन-तीन तास चालवून तो वितळू द्यावा. जाळी काढून साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि बसवावी. उन्हाळ्यात दर पंधरवड्याने व प्रत्येक मोठ्या आंधीनंतर हे केले तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. जाळी स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ जमू लागला, तर वायू कमी असल्याची शंका घेण्यास आधार मिळतो.

बाहेरच्या वेटोळ्याची कथाही अशीच आहे. त्याच्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ, कबुतरांची पिसे आणि काड्या अडकतात. यंत्राचा मुख्य वीजप्रवाह बंद करून, पाण्याच्या मंद धारेने, पत्रे न वाकविता ते धुवावे. तसेच ते भिंतींच्या अरुंद बेचक्यात किंवा लोखंडी पिंजऱ्यात कोंडलेले असेल, तर त्याने बाहेर टाकलेली तप्त हवा तेच पुन्हा आत ओढते. अशा यंत्रापुरते अंगणाचे तापमान ४५ नसून ५० अंशांपेक्षाही अधिक असते.

थर्मामीटरची साक्ष

त्वचेचा अंदाज फसवा असतो. घामेजलेल्या अंगाला पंख्याचा कोमट वाराही गार भासतो. म्हणून निदानासाठी हवेचे तापमान मोजणारा साधा थर्मामीटर वापरावा. यंत्र ‘कूल’ स्थितीत, कमीत कमी तापमान ठरवून, दारे-खिडक्या बंद करून १५ ते २० मिनिटे चालू द्यावे. मग आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे आणि बाहेर सोडल्या जाणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. या दोहोंत साधारणतः ८ ते १२ अंशांचा फरक असेल, तर यंत्र आपले काम करीत आहे. फरक तीन-चार अंशांचाच असेल, तर दोष यंत्रात आहे.

येथे ऋतूचे भान ठेवले पाहिजे. १९०२ साली विलिस कॅरिअर याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका छापखान्यासाठी पहिले आधुनिक वातानुकूलन योजिले, ते मुख्यतः हवेतील आर्द्रता आवरण्यासाठी. कारण दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची छपाई जुळत नसे. आजही प्रत्येक वातानुकूलक हवा गार करतो आणि कोरडीही करतो. आषाढ-श्रावणात त्याची बरीचशी शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते, आणि म्हणून तापमानातील फरक थोडा कमी भरतो. उलट मे महिन्यात जयपूरची हवा इतकी कोरडी असते की निचऱ्याच्या नळीतून पाण्याचा थेंबही न येणे शक्य आहे. ‘पाणी पडत नाही, म्हणजे यंत्र बिघडले’ हा समज त्या दिवसांत खरा नव्हे.

खोलीचा दोष

थर्मामीटरने यंत्राला निर्दोष ठरविले, तरी खोली तापलेलीच असेल, तर उष्णता निघते त्याहून अधिक वेगाने आत येत आहे. आपल्या देशात यंत्राची शक्ती ठरविताना बाहेरची हवा ३५ अंश धरतात. ४५ अंशांच्या दुपारी तेच यंत्र साधारणतः १० ते २० टक्के कमी उष्णता ओढते, आणि नेमक्या त्याच वेळी छपरातून येणारी उष्णता सर्वाधिक असते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चीक वा पडदा लावणे, गच्चीला पांढरा चुना देणे आणि दाराखालची फट बुजविणे, हे उपाय मोठे यंत्र घेण्याहून पुष्कळ स्वस्त आहेत.

याच संदर्भात कूलरचा विचार केला पाहिजे. बाष्पीभवनाने गारवा मिळविण्याची कला या प्रदेशाला जुनी आहे. आंबेरच्या किल्ल्यातील सुखनिवास या दालनातून पाण्याचा पाट खेळविलेला आहे, आणि वाळ्याचे ओले पडदे तर कालपरवापर्यंत घरोघरी होते. १७९९ साली सवाई प्रतापसिंह यांनी बांधविलेल्या हवामहालाच्या शेकडो खिडक्यांतून वारा खेळतो. वारा वाहता असेल तरच बाष्पीभवनाचा गारवा टिकतो, हे मर्म जुन्या कारागिरांना ठाऊक होते. आजचा कूलर हेच करतो: तो बाहेरची हवा ओल्या जाळीतून आत ढकलतो आणि दमट झालेली हवा दुसऱ्या खिडकीतून बाहेर जावी अशी अपेक्षा करतो.

म्हणून कूलरला उघडी खिडकी हवी आणि वातानुकूलकाला बंद. दोन्ही एकाच खोलीत एकत्र चालविल्यास गारवा दुप्पट होईल, ही समजूत चुकीची आहे. खिडकीतील कूलर बाहेरची हवा सतत आत आणतो, आणि तितकीच गार झालेली हवा फटींतून निघून जाते. बंद खोलीतील कूलर तर उष्णता बाहेर नेतच नाही. ती केवळ वाफेच्या रूपात लपवितो. एक लिटर पाण्याच्या वाफेत सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता दडलेली असते. कूलरने तासाला चार लिटर पाणी हवेत सोडले, तर त्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यात दीड टनाच्या वातानुकूलकाची निम्मी शक्ती खर्ची पडते. छताचा पंखा मात्र मंद गतीने अवश्य चालवावा. त्यामुळे २६ अंशांची खोलीही पुरेशी सुखद वाटते.

वायूचा प्रश्न

आता गॅसकडे वळू. मोटारीतील पेट्रोल जळून संपते, तसा हा वायू संपत नाही. तो झाळलेल्या आणि घट्ट जोडलेल्या नळ्यांत वर्षानुवर्षे फिरत राहतो. म्हणून वायू कमी झाला असेल, तर तो कोठून तरी गळला आहे, हे निश्चित. ‘दर वर्षी गॅस भरावा लागतो’ हे विधान म्हणजे गळती शोधलीच गेली नाही, याची कबुली होय. फुटक्या घागरीत पुनःपुन्हा पाणी ओतण्यासारखेच हे आहे.

योग्य कामाचा क्रम असा असतो: नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावावयाचा आणि बुडबुडा येतो ती जागा हेरावयाची, गळती दुरुस्त करावयाची, पंपाने नळ्या निर्वात करून आतील हवा आणि ओलावा काढावयाचा, आणि शेवटी यंत्राच्या पट्टीवर ग्रॅममध्ये लिहिले आहे तितकाच, त्याच नावाचा वायू काट्यावर तोलून भरावयाचा. कारागिराला यांपैकी काय करणार, असे आधीच विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. वायू अधिक भरला तरीही यंत्र नीट थंड करीत नाही, म्हणून अंदाजाने भरणे धोक्याचे.

याला घराबाहेरचीही एक बाजू आहे. जुन्या यंत्रांतील ‘आर-२२’ हा वायू पृथ्वीभोवतीच्या ओझोन थराला अपाय करतो. असे पदार्थ हटविण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रिअल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. आज प्रचारात असलेला ‘आर-३२’ ओझोनला निरुपद्रवी आहे. परंतु हवेत सोडलेला त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवितो. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचा निर्णय २०१६ साली रवांडातील किगाली येथे झाला आणि २०२१ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. न शोधलेली प्रत्येक गळती पुढच्या उन्हाळ्यांत थोडी भर घालीत असते.

काय करू नये

यंत्राचे विजेचे आवरण घरच्या घरी उघडू नये. मुख्य बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो आणि त्याचा झटका प्राणघातक ठरू शकतो. ‘आर-३२’ हा वायू काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे, आणि ‘आर-२९०’ म्हणजे तर प्रोपेनच होय. गळतीची शंका असताना काडी वा उदबत्ती पेटवू नये, खिडक्या उघडाव्यात. जळका वास आल्यास किंवा बटण पुनःपुन्हा पडत असल्यास यंत्र पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरू नये.

दुरुस्तीला दोन दिवस लागणार असतील, तर घरातील वृद्धांची आणि बालकांची व्यवस्था आधी पाहावी. तळमजल्यावरील उत्तरेची खोली, ओले कापड, पाणी आणि पंखा यांचा आधार घ्यावा. मात्र हवा फारच तापलेली असेल तेव्हा केवळ पंख्यावर विसंबू नये. अंग अतिशय तापले असून माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

विद्यार्थ्यांसाठी एक नोंदवही

चैत्रात, यंत्र उत्तम स्थितीत असताना, आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजून एका वहीत लिहून ठेवावे. शेजारी बाहेरच्या हवेचे तापमान, जाळी धुतल्याची तारीख आणि स्टॅबिलायझरवरील व्होल्टचा आकडा नोंदवावा. दर पंधरवड्यास ही नोंद करावी. ज्येष्ठातील एखाद्या दुपारी खोली निवेनाशी झाली, तर ही वही उघडून फरक १० अंशांवरून ४ अंशांवर आला आहे की तो होता तसाच आहे, हे पाहावे. पहिल्या स्थितीत दोष यंत्रात आणि दुसऱ्या स्थितीत खोलीत शोधावा. कारागीर येईल तेव्हा त्याच्यासमोरही ती वही ठेवावी.